घोड्याच्या गाण्याला चार गुण

कुउसिलाम्पी,
ऑक्टोबर, रविवार

आदरणीय हेल्वीताई,

या वेळी पत्राची सुरुवात तुमच्या गुडघ्यापासूनच करतो. मागच्या पत्रात मी त्याची चौकशी सगळ्यात शेवटी केली होती आणि ते तुमच्या ध्यानात राहिलं, असं फोनवर जाणवलं. तर गुडघा कसा आहे? काठी घेतलीत का, की अजून स्कीच्या जुन्या काठीवरच भागवता? मांजर नीट जेवतं ना? तुम्ही पाठवलेला लिंगनबेरीचा मुरांबा पोचला. बरणी तुम्ही लोकरीच्या मोज्यात घातली होतीत म्हणून फुटली नाही. (मोजाही वापरात आहे. एकच असल्यामुळे सध्या डाव्या पायात.) माझी तब्येत ठीक आहे. बटाटे काढून तळघरात ठेवले. दर वर्षीइतकेच लावले होते, हे काढताना लक्षात आलं, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मला दोन माणसांचे बटाटे खायचे आहेत.

तुम्ही फोनवर विचारलंत की सर्वसंतांच्या शनिवारी चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांबरोबर इर्याचं नाव वाचून मेणबत्ती लावली, की नंतर सभागृहात कॉफीच्या वेळी तिचं कुठलं गाणं लावणार. मी लिहून कळवतो म्हटलं. त्यावर तुम्ही म्हणालात, “इतकी वर्षं एका छपराखाली राहिलास आणि बायकोचं आवडतं गाणं तुला माहीत नाही?” मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये. (आवाज अगदी नीट येत होता. स्वीडनमधल्या त्या व्हेस्तेरोसहून तुमचा आवाज नेहमीच नीट येतो.) खरं म्हणजे मला माहीत आहे असं मला वाटत होतं. आता तसं वाटत नाही. ते कसं झालं ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला पुन्हा फोन करावा लागणार नाही.

आमच्याकडे शनिवारी सौनात वाफ घेऊन झाली की ग्रामोफोनवर एक तबकडी वाजायची. तुम्हाला हे कदाचित माहीत नसेल. त्या जुन्या जाड, ठिसूळ तबकड्यांपैकी आहे ती. त्यात एक जाड आवाजाचा माणूस अकॉर्डियनच्या तालावर आपल्या घोड्याला घरी चल म्हणून विनवतो, आणि प्रत्येक कडव्यानंतर घोडा खिंकाळतो. (खरा घोडा नाही. तोच माणूस खिंकाळतो, हे पहिल्यांदा ऐकतानाच कळतं.) कडवी बरीच आहेत, कारण घोडा ऐकत नाही. कधी मी ती लावायचो, कधी इर्या. घोडा खिंकाळला की ती माझ्याकडे बघून हसायची, मीही हसायचो. तुम्हाला म्हणून सांगतो, मला ते गाणं कधीच आवडलं नाही. इतकं बाष्कळ गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही. पण ती तबकडी मी घरात आणलेली नव्हती, म्हणजे इर्यानेच आणली असणार, म्हणजे तिला ती आवडत असणार, असा माझा सरळ हिशोब होता. मार्चमध्ये इर्या गेली, त्यानंतरही दर शनिवारी मी ती लावत आलो. एकट्याने ऐकताना हसायचं कुणाकडे बघून ते कळत नाही, पण लावायचो. तिला आवडायची म्हणून.

आता तबकडी मंडळाबद्दल. इर्या दर महिन्याला तिथे जायची हे तुम्हाला ठाऊकच आहे. स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या घरात वरच्या खोलीत ही मंडळी जमतात, जुनी गाणी ऐकतात आणि पुठ्ठ्याची कार्डं वर करून एक ते दहा गुण देतात. ती घरी आली की मी विचारायचो, कसं झालं, आणि ती म्हणायची, बरं झालं. तेवढ्यावर आमचं भागायचं. मंडळ चालवणाऱ्या राइलीबाई (औषधाच्या दुकानातल्या, आता निवृत्त) गेल्या आठवड्यात दारात येऊन म्हणाल्या की सभागृहात वाजवायचं गाणं मंडळाने निवडावं असं त्यांच्या मनात आहे, तर इर्याचं आवडतं गाणं कुठलं? घोड्याचं नाव माझ्या ओठांवर आलं. पण चर्चच्या सभागृहात, पाद्रीबाईंसमोर, मेणबत्तीनंतर तो माणूस खिंकाळेल हे डोळ्यांसमोर आलं आणि मी म्हणालो, तुम्हीच ठरवा. मग त्या म्हणाल्या, तर मग गुरुवारी तूही ये, इर्याच्या खुर्चीत बस.

मंडळाचा मुख्य नियम असा, की तबकडी कुणी आणली ते कुणाला कळता कामा नये. प्रत्येकाने ती साध्या तपकिरी कागदात गुंडाळून यायचं आणि कोट टांगायच्या खुंट्यांखाली एक लाकडी पेटी असते, तीत कुणी बघत नसताना ठेवायची. ज्याची असेल त्यानेही इतरांसारखे गुण द्यायचे. पुढे ती आपली म्हणायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. (कमी गुण पडले की सहसा कुणी म्हणत नाही. तिथल्या कपाटात काही तबकड्या वर्षानुवर्षं बेवारस पडून आहेत.) मला हा नियम लगेच पटला. दूध संघाच्या प्रयोगशाळेत आम्हीही लोणी असंच चाखायचो, कुठल्या गावचं ते न बघता. तर मी घोड्याची तबकडी कागदात गुंडाळली आणि वेळेच्या बराच आधी निघालो. माझा विचार असा होता की नाव सांगायचं नाही, आग्रह धरायचा नाही. गाणं खरोखर चांगलं असेल तर यांना कानाने कळेलच, मग तो त्यांचा निर्णय. नसेल तर माझी सुटका.

मी जिना चढून बोळात शिरलो. दिवा लावला नव्हता, कारण पेटीपर्यंत मी कुणाला दिसायला नको होतो. तिथे एन्सिओ उभा होता. तो आमच्या गावाच्या बसवर चालक होता, तुम्हाला आठवत असेल, उंच, वाकलेला. त्याचा एक हात पाठीमागे होता. माझाही होता. आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि या वर्षी दहिवर लवकर पडतंय यावर बोललो. तेवढ्यात केर्तु आली, फुलांच्या दुकानाची मालकीण, तिने काहीतरी चपटं कोटाच्या आत धरलं होतं आणि त्यामुळे ती चौकोनी झाली होती. तिलाही दहिवराबद्दल तेच वाटत होतं. मग पेटीजवळच्या अंधारातून राइलीबाईंचा आवाज आला, की हो, लवकरच पडतंय. त्या सगळ्यांच्या आधीच येऊन अडकल्या होत्या. आम्ही चौघं त्या बोळात बराच वेळ हवामानावर बोलत उभे राहिलो. आधी कुणी हलेना, कारण हलणाऱ्याची तबकडी दिसली असती. शेवटी एन्सिओ म्हणाला की आपण सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करावं आणि एकेकाने पेटीकडे जावं. तसं केलं. हेल्वीताई, मी इतकी वर्षं या गावात राहतो, पण अग्निशमन दलाची भिंत इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. तिला रंगाची गरज आहे.

मग कॉफी, वेलदोड्याचे गोड पाव, आणि गाणी. पहिलं एक टँगो होतं. बंदरावर दिवा आहे, बाई वाट बघते आहे, खलाशी येत नाही. गाणं संपलं तेव्हा एन्सिओ खिडकीबाहेर बघत होता. केर्तु म्हणाली, “या गाण्यात सगळे बुडून मरतात.”

“सगळे नाही. एकच बुडतो,” एन्सिओ म्हणाला. “बाकीचे वाट बघतात.”

“मेणबत्ती लावल्यावर लोकांना थोडं बरं वाटायला हवं, एन्सिओ.”

“बरं वाटायला कॉफी आहे ना. कुणी आणलं मला ठाऊक नाही, पण ज्याने आणलं त्याला कान आहेत, एवढंच मी म्हणतो.”

दुसरं एका उन्हाळ्याचं, सायकलवरून चाललेल्या मुलीचं, उड्या मारणारं गाणं होतं. या वेळी केर्तुकडे अचानक त्याच्या संगीताबद्दल पुष्कळ माहिती निघाली आणि एन्सिओने विचारलं की सायकलची घंटी हे वाद्य कधीपासून झालं. केर्तुने त्याला सांगितलं की त्याच्या बसचा भोंगा वाद्य होऊ शकतो तर घंटी का नाही. तिसरं बर्फाखालच्या नदीवरचं, जड आवाजातलं, इतकं सावकाश गाणं की मधे मला तबकडी थांबल्यासारखी वाटली. राइलीबाईंनी चष्मा पुसला. मला या वादात मोठी मौज वाटू लागली होती. मी चाखणारा माणूस आहे, गाण्यातलं मला फार कळत नाही, पण एक गोष्ट दिसत होती. नेहमीचा वाद असा नसणार. तिघंही एकेका गाण्यासाठी असे भांडत होते की जणू हरलं तर कुणाची तरी निराशा होणार होती. पण कुणाची ते कुणीच बोलत नव्हतं. गुण पडत होते सहा, सात, पाच. (दहाचं कार्ड डब्यात नवंकोरं आहे. ते आजवर कुणी उचललेलं नाही. ताटलीतला शेवटचा पाव जसा कुणी उचलत नाही, तसंच.)

मग घोडा.

पहिल्या खिंकाळीला केर्तुने पेला खाली ठेवला. दुसरीला एन्सिओने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं. कडवी बरीच आहेत हे मी आधी लिहिलंच आहे. खोलीत इतर माणसं बसलेली असताना ती आणखी वाढतात. संपल्यावर केर्तुने तीनचं कार्ड वर केलं, एन्सिओने तीनचं. नियम पाळायचा म्हणून मी कार्डांच्या गठ्ठ्यावरून बोट फिरवलं. मनाशी प्रामाणिक राहून चार उचललं. लोण्याला आम्ही चार द्यायचो तेव्हा त्याचा अर्थ असा की घरात खाण्यालायक आहे, पाहुण्यांसमोर ठेवू नये.

“हे कुणी आणलं ते मी विचारणार नाही,” केर्तु म्हणाली. “पण त्याला काही त्रास असेल तर त्याने बोलावं. इथे आपलीच माणसं आहेत.”

राइलीबाई मात्र तबकडीकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या की हे गाणं या खोलीत पूर्वी एकदा येऊन गेलंय. केर्तु आणि एन्सिओ मंडळात यायच्या आधी. इर्याने आणलं होतं. तेव्हाही सगळ्यांनी तीन दिले, आणि इर्याने स्वतः चारचं कार्ड वर केलं, आणि मग म्हणाली की तबकडी पेटीत मी ठेवली. गाणंच इतकं वाईट आहे, का माझेच कान तसे आहेत, एवढं मला चारचौघांत एकदा तपासून घ्यायचं होतं. घरी बोलायची सोय नाही.

“का नाही?” एन्सिओने विचारलं.

राइलीबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पेल्यातल्या कॉफीकडे. “माझ्या ओइवाला ते फार आवडतं म्हणाली. दर शनिवारी लावतो म्हणाली. घोडा ओरडला की माझ्याकडे बघून हसतो, मग मलाही हसावं लागतं.”

हेल्वीताई, खोलीत बसल्यापासून मी तोवर कॉफीला हो म्हणण्यापलीकडे काही बोललो नव्हतो. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, “मला ते आवडत नाही.”

मी पुन्हा म्हणालो, की मला ते कधीच आवडलं नाही, मला वाटायचं तिला आवडतं. हे बोलताना मी मनात किती शनिवार झाले असतील ते मोजायला गेलो आणि मोजणं सोडून दिलं. मग केर्तुच्या नाकातून एक आवाज आला. तिने तो रुमालात दाबला. एन्सिओचे खांदे हलायला लागले. आणि मग मला हसू आलं. मार्चनंतर पहिल्यांदा. मला माझं हसणं ओळखू आलं नाही, वाटलं खाली कुणी ट्रकचं इंजिन चालू केलं. ते थांबेना, म्हणून मी मागे सरकून पुन्हा इर्याच्या खुर्चीत बसलो. (त्या बसण्याबद्दल पुढे लिहितो.)

सगळे शांत झाल्यावर एन्सिओने डोळे पुसले आणि म्हणाला, आता सांगायला हरकत नाही, टँगो माझं होतं. इर्याचं ते सगळ्यात आवडतं. आपल्या मंडळात वाजलेलं सर्वांत चांगलं गाणं, असं तिने मला खुंट्यांजवळ कोट घालताना सांगितलं होतं.

केर्तु म्हणाली, “हे तिने मला सांगितलं होतं. माझ्या सायकलबद्दल. त्याच खुंट्यांजवळ.”

राइलीबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं की नदीच्या गाण्याबद्दलही तसंच काही सांगितलेलं होतं. मग तिघांनी आठवून बघितलं. इर्याने कुणाच्याही गाण्याला नऊ सोडून कधी काही दिलेलं कुणाला आठवेना. नऊच. दर वेळी. एन्सिओला हे जरा लागलं. “म्हणजे माझ्या टँगोलाही नुसतेच नऊ?” तो म्हणाला. केर्तुने त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली की माझ्या सायकलचंही तेच झालंय, तर तू एकटा बुडालेला नाहीस, आणि गाण्यातल्यासारखी वाट बघू नकोस.

म्हणजे बघा, आम्ही चौघंही तिचंच आवडतं गाणं घेऊन आलो होतो, आणि ते तिचं आहे हे न सांगता तिच्यासाठी भांडत होतो, आणि तिचं नेमकं कुठलं ते आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मी घरी येताना बराच वेळ विचार केला. तिला खरोखर काय आवडत होतं? स्वयंपाक करताना ती काहीतरी गुणगुणायची, ते कुठलं होतं? मला चाल आठवते असं वाटतं आणि तोंडाने काढायला गेलं की घोड्याची निघते.

ठरवलं ते मात्र एन्सिओने. तो म्हणाला की इर्याने दिलेला एकच गुण आपल्याला खात्रीने खरा माहीत आहे, तो म्हणजे हे चार. बाकी सगळा सभ्यपणा होता. तर तेच गाणं वाजवावं. केर्तुने पाद्रीबाईंचा मुद्दा काढला. राइलीबाई म्हणाल्या, पाद्रीबाईंना आधी कॉफी देऊ. मग केर्तुने ताटलीतला शेवटचा पाव घेतला, चार तुकडे केले आणि वाटले. मंडळात असं याआधी कधी घडलेलं नाही म्हणे. वेलदोडा सगळा माझ्याच तुकड्यात आला होता.

तर हेल्वीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. सर्वसंतांच्या शनिवारी सभागृहात घोड्याचं गाणं वाजेल. गाणं वाईट आहे. आमच्या दोघांचंही त्यावर एकमत होतं, फक्त ते आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही याल अशी आशा आहे. गुडघ्याला जपा, मांजराला माझा नमस्कार.

आपला मेहुणा,
ओइवा

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी एक विचार मनात आला. तबकडी मी आणली नाही, आणि आवडतच नव्हती तर इर्यानेही आणली नसणार, मग ती घरात आली कुठून? मी आमच्या लग्नाचा फोटो खाली काढून बघितला. इतकी वर्षं त्या फोटोत मी फक्त इर्याकडे बघत आलो, आज पहिल्यांदा बाकीच्यांकडे बघितलं. पायऱ्यांवर डावीकडे तुम्ही उभ्या आहात आणि तुमच्या काखेत काहीतरी चौकोनी, चपटं, फीत बांधलेलं आहे. तो ट्रेही असू शकतो. (आम्हाला लग्नात ट्रे पुष्कळ आले. सगळे गोल आहेत.) हे आधी सुचलं असतं तर वर घोड्याबद्दल जे लिहिलंय ते जरा सौम्य केलं असतं. पण शाईने लिहिलंय आणि कागद चांगला आहे.

आणखी एक. मी खुर्चीत बसल्याचं वर लिहिलं होतं. मी बोलायला उठलो तेवढ्यात राइलीबाईंनी तबकडी काढून त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली होती. निघताना उठलो तेव्हा कळलं, तिचे चांगले मोठे तुकडे झाले, पण वाजेल असा एकही नाही. एन्सिओने ओळखीच्या सगळ्या बसचालकांना विचारलं, केर्तु दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारते आहे, जुन्या बाजारातल्या माणसाने तर हसून फोन ठेवला. सगळ्या तालुक्यात ती कुणी जपून ठेवलेली नाही. तुमच्याकडे दुसरी प्रत असेल तर येताना लोकरीच्या मोज्यात घालून आणा. (दुसरा मोजा असेल तर त्यातच. मला जोडी होईल.) बोटीच्या धक्क्यावर एन्सिओ गाडी घेऊन येईल. खरं सांगायचं तर हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

आणि अगदी शेवटचं. दुसरी प्रत नसेल, तर लग्नाच्या त्याच शरदात तुम्ही स्वीडनला निघाला होतात आणि घरातलं नको असलेलं सामान कमी करत होतात, हेही मला आठवलंय. तसं असेल तर निःसंकोच सांगा. मी रागावणार नाही, उलट राइलीबाईंकडून ते नवंकोरं दहाचं कार्ड मागून घेईन आणि तुम्हाला दाखवीन. फक्त मग सभागृहात ते गाणं मला स्वतः म्हणावं लागेल, कारण सगळी कडवी आता या गावात मलाच येतात. काल शनिवारी सौनानंतर घर फारच शांत होतं, म्हणून एकदा म्हणून बघितलं, खिंकाळण्यासकट. इर्याने मला नऊ दिले नसते. चार दिले असते, असं वाटतं.